तिसऱ्याचा हिशेब

पुण्याचं मार्केट यार्ड पर्वती विधानसभा मतदारसंघात येतं. नोव्हेंबर 2024च्या निवडणुकीत महाविकास आघाडीनं ही जागा शरद पवारांच्या राष्ट्रवादीला सोडली आणि अश्विनी कदम यांना उमेदवारी मिळाली. काँग्रेसचे माजी उपमहापौर आबा बागूल यांना ते मान्य नव्हतं. त्यांनी अपक्ष अर्ज भरला, माघारीची मुदत उलटून गेली तरी तो कायम राहिला, पक्षानं त्यांना निलंबित केलं. त्यानंतर निकालापर्यंत मतदारसंघात एकच प्रश्न चघळला गेला : बागूल कुणाची मतं खाणार?

निकाल लागला. भाजपच्या माधुरी मिसाळ यांना 1,18,193 मतं, कदमांना 63,533, बागुलांना 10,476. मताधिक्य 54,660. आता बागुलांची एकूण एक मतं उचलून कदमांच्या पारड्यात टाकली, तरी त्या 44 हजारांनी मागेच राहतात. बागूल उभे नसते तरी काही फरक पडला नसता. तरीही पराभवाची चिकित्सा करताना ‘बंडखोरी भोवली’ हे कारण हमखास पुढे येतं. हरलेल्या पक्षाला ते सोयीचं असतं, कारण त्यात स्वतःच्या प्रचारावर, उमेदवारावर किंवा भूमिकेवर काही बोलावं लागत नाही.

या प्रकरणात आपण हा आरोप जरा तपासून पाहू. तिसरा उमेदवार खरोखर निकाल फिरवतो का, फिरवत असेल तर कधी, आणि तो त्याचा दोष की मोजणीच्या पद्धतीचा?

पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याला सर्वांत जास्त मतं, तो निवडून येतो. निम्म्याहून जास्त मतं मिळायलाच हवीत अशी अट नाही. दहा उमेदवारांत मतं वाटली गेली तर वीस टक्क्यांवरही आमदार होता येतं. 2014मध्ये युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या, चार मोठे पक्ष स्वतंत्र लढले, आणि भाजपला 28 टक्क्यांहून थोड्या कमी मतांवर 288पैकी 122 जागा मिळाल्या. शिवसेना 63, काँग्रेस 42, राष्ट्रवादी 41. मतांमधलं अंतर मोठं नव्हतं, जागांमधलं मात्र प्रचंड होतं. ही पद्धत पहिल्या क्रमांकाला भरभरून देते आणि दुसऱ्याला जवळजवळ काहीच नाही.

मार्केट यार्डाच्या भाषेत सांगायचं तर उघड लिलावात खरेदीदाराला दुसऱ्याची बोली ऐकू येते. भाव आपल्या आवाक्याबाहेर गेला की तो गप्प बसतो आणि तेच पैसे पुढच्या ढिगावर लावतो. मतदाराला ही सवलत नाही. त्याची बोली एकच, तीही बंद खोक्यात, आणि आपला उमेदवार शर्यतीतून बाद झाला हे त्याला कळतं तेव्हा मतमोजणी संपलेली असते. मतविभागणीचं मूळ इथे आहे. मतदारानं दुसरी पसंती मनात ठरवलेली असते, पण यंत्रावर ती सांगायला जागाच नसते.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण पुण्यात एकाच दिवशी मिळालं. मुक्ता टिळक आणि लक्ष्मण जगताप या दोन आमदारांच्या निधनामुळे कसबा पेठ आणि चिंचवड इथे 26 फेब्रुवारी 2023 रोजी पोटनिवडणूक झाली, 2 मार्चला मोजणी. दोन्ही जागा भाजपच्या, दोन्हीकडे समोर तीच महाविकास आघाडी, राज्यातलं वातावरण तेच. कसब्यात काँग्रेसचे रवींद्र धंगेकर आणि भाजपचे हेमंत रासने यांच्यात सरळ लढत झाली. धंगेकर जवळपास 11 हजारांनी जिंकले. चिंचवडला मात्र शिवसेनेच्या ठाकरे गटाचे राहुल कलाटे बंडखोरी करून उभे राहिले. भाजपच्या अश्विनी जगताप यांना 1,35,603, राष्ट्रवादीच्या नाना काटेंना 99,435, कलाटेंना 44,112 मतं पडली. काटे आणि कलाटे यांची बेरीज 1,43,547, म्हणजे विजयी उमेदवारापेक्षा सुमारे आठ हजार जास्त. दुसऱ्या दिवशी सगळीकडे हीच बेरीज छापून आली.

कसब्याची जुनी आकडेवारी ठाऊक असलेल्यांना तर हा धडा नवा नव्हता. 2009मध्ये इथे गिरीश बापट सुमारे 55 हजार मतांवर निवडून आले होते. त्यांच्यामागे दोघे होते, मनसेचे धंगेकर आणि काँग्रेसचे रोहित टिळक, आणि दोघांनाही प्रत्येकी सुमारे 47 हजार मतं. म्हणजे बापटांच्या विरोधात मिळून 90 हजारांहून जास्त मतं होती. तेच धंगेकर चौदा वर्षांनी काँग्रेसमध्ये येऊन, पूर्ण आघाडी पाठीशी घेऊन उभे राहिले आणि निवडून आले. ब्राह्मण उमेदवार दिला नाही म्हणून नाराज झालेला मतदार हिंदू महासंघाच्या आनंद दवे यांच्याकडे वळेल, भाजपचं गणित बिघडेल, असं त्या वेळी बरंच बोललं गेलं. प्रत्यक्षात दवेंना तीनशेही मतं पडली नाहीत. वर्तमानपत्रात जागा मिळवणारा तिसरा आणि मतं मिळवणारा तिसरा यांत असा फरक असतो.

इथवर सगळं बेरजेच्या बाजूनं जातं. पण चिंचवडचं पुढचं पान वाचलं की बेरीज डळमळते.

कलाटे 2019मध्येही चिंचवडमधून अपक्ष लढले होते. त्या वेळी त्यांना 1,12,225 मतं मिळाली होती आणि ते दुसऱ्या क्रमांकावर होते. तेव्हा 2023मध्ये कुणी कुणाची मतं खाल्ली? कलाटेंच्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, आम्ही आधीपासून इथे होतो, काटेच मध्ये आले. 2024मध्ये शरद पवारांच्या पक्षानं कलाटेंनाच अधिकृत उमेदवारी दिली. भाजपचे शंकर जगताप विरुद्ध कलाटे, जवळजवळ सरळ लढत. जगताप 2,35,323, कलाटे 1,31,458. एक लाखाहून जास्त मतांनी पराभव. ज्या विरोधी मतांची बेरीज पावणेदोन वर्षांपूर्वी 1,43,547 होती, ती एका खात्यावर येताना वाढायच्या ऐवजी घटली. कसब्यातही तेच झालं. 2024मध्ये रासने 90,046 मतांवर गेले, धंगेकर 70,623वर राहिले. काँग्रेसच्या बंडखोर कमल व्यवहारे यांना साडेपाचशेच्या आसपास मतं, त्यामुळे बंडखोरीला बोल लावायलाही जागा नव्हती. पोटनिवडणुकीला निम्मेच मतदार बाहेर पडले होते. सार्वत्रिक निवडणुकीला जे जादा लोक आले ते बहुतेक रासनेंकडे गेले.

तेव्हा तिसऱ्यावर आरोप ठेवायचा तर दोन चाळण्या लावायला हव्यात. पहिली सोपी आहे : तिसऱ्याची मतं मताधिक्यापेक्षा जास्त आहेत का? नसतील तर विषय संपला. पर्वतीचा तिथेच संपतो. 2024च्या शिवाजीनगरचाही संपतो. तिथे काँग्रेसचे बंडखोर मनीष आनंद यांना 13,061 मतं पडली, आणि भाजपचे सिद्धार्थ शिरोळे जिंकले 36,702नी. खडकवासल्यात मनसेचे मयूरेश वांजळे यांनी 42,897 मतं घेतली, आकडा मोठा दिसतो, पण भीमराव तापकीर 52,322नी पुढे होते.

दुसरी चाळणी अवघड आहे, आणि बहुतेक लोक ती लावतच नाहीत : तो उमेदवार नसता तर त्याचा मतदार कुठे गेला असता? काही जण दुसऱ्याकडे गेले असते, काही पहिल्याकडे, काही ‘नोटा’कडे, आणि बरेच जण घरीच बसले असते. शंभरच्या शंभर मतं एकाच दिशेनं जातील हे गृहीत धरणं म्हणजे मतदाराला कुणाच्या तरी मालकीचा समजणं.

2019मध्ये वंचित बहुजन आघाडीवर झालेली टीका या दृष्टीनं बघण्यासारखी आहे. लोकसभेला नांदेडमध्ये अशोक चव्हाण 40,148 मतांनी हरले आणि वंचितचे यशपाल भिंगे यांना 1,66,196 मतं होती. सोलापुरात सुशीलकुमार शिंदे 1,58,608नी हरले. प्रकाश आंबेडकरांना 1,70,007 मतं होती. पुण्यात विधानसभेला शिवाजीनगर, पुणे कॅन्टोन्मेंट आणि खडकवासला या तिन्ही जागा काँग्रेस आघाडीनं अनुक्रमे सुमारे 5 हजार, 5 हजार आणि अडीच हजार मतांनी गमावल्या, आणि तिन्हीकडे वंचितची मतं त्याच्या जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त होती. ‘बी टीम’ हा शब्द तेव्हा फार चालला. वंचितनं तो कायम नाकारला. त्यांचं म्हणणं असं की आमचा मतदार काँग्रेसच्या ताटातून सांडलेला नाही. नांदेडमध्ये मी पहिली चाळणी मान्य करीन, दुसरीही बरीचशी. सोलापुरात नाही : 1,70,007पैकी 93 टक्क्यांहून जास्त मतं शिंदेंकडे गेली असती तरच निकाल फिरला असता, आणि इतकी शिस्त कुठल्याच मतदारवर्गात नसते.

गंमत म्हणजे वंचित-एमआयएमच्या युतीची राज्यातली एकमेव जागाही फुटलेल्या मतांवरच आली. औरंगाबादमध्ये इम्तियाज जलील 3,89,042 मतं घेऊन जिंकले, शिवसेनेचे चंद्रकांत खैरे 4,492नी पडले, कारण शिवसेनेचेच माजी आमदार हर्षवर्धन जाधव अपक्ष उभे राहून 2,83,798 मतं घेऊन गेले. एका मतदारसंघात ज्यांच्यावर मतं फोडल्याचा ठपका, दुसरीकडे तेच फुटीचे लाभार्थी. पुण्यातही त्याच वर्षी हडपसरला उलटा प्रकार झाला. तिथे भाजपचे योगेश टिळेकर राष्ट्रवादीच्या चेतन तुपेंकडून 2,820 मतांनी हरले आणि मनसेच्या वसंत मोरेंना 34,809 मतं होती. तेव्हा खंत भाजपच्या गोटात होती. दहा वर्षं आधी 2009च्या लोकसभेला सुरेश कलमाडी पुण्यातून 25,701 मतांनी जिंकले, तेव्हा मनसेचे रणजित शिरोळे यांना 75,930 आणि बसपचे डी. एस. कुलकर्णी यांना 62,981 मतं होती. भाजपचे अनिल शिरोळे पडले. मुंबईतल्या सहाच्या सहा जागाही त्या वर्षी काँग्रेस-राष्ट्रवादीला गेल्या. मतविभागणी कुठल्याही एका पक्षाची शत्रू नाही. ती ज्याला भोवते त्याला ती अन्याय वाटते, ज्याला फळते त्याला तो जनतेचा कौल वाटतो.

फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्युव्हर्जे यांनी 1951मध्ये राजकीय पक्षांवरच्या ग्रंथात म्हटलं होतं की अशा एकेरी पद्धतीत हळूहळू दोनच पक्ष उरतात, कारण आपलं मत वाया जाऊ नये म्हणून लोक तिसऱ्याला सोडतात. महाराष्ट्र हा नियम राज्यभर पाळत नाही, एकेका मतदारसंघात मात्र पाळताना दिसतो. 2024ची सांगली घ्या. महाविकास आघाडीनं जागा ठाकरेंच्या शिवसेनेला दिली, दोनदा महाराष्ट्र केसरी झालेले चंद्रहार पाटील अधिकृत उमेदवार. काँग्रेसचे विशाल पाटील बंड करून ‘लिफाफा’ चिन्हावर अपक्ष. कागदावर विशाल पाटील तिसरे होते, मतं फोडणारे होते. पण खरी लढत कोणाकोणात आहे हे सांगलीच्या मतदारानं आधीच ओळखलं आणि आघाडीच्या चिन्हाकडे पाठ फिरवून तो लिफाफ्याकडे गेला. विशाल पाटील 1 लाखाहून अधिक मतांनी जिंकले. अधिकृत उमेदवाराला 60,860 मतं पडली, अनामत गेली. याच विशाल पाटलांना 2019मध्ये वंचितच्या गोपीचंद पडळकरांच्या 3 लाख मतांमुळे तिरंगी लढतीत मोठी हार पत्करावी लागली होती. तिसरा कोण हे पक्षाचा एबी फॉर्म ठरवत नाही.

अमेरिकेत 2000 साली फ्लोरिडा राज्यात जॉर्ज बुश 537 मतांनी पुढे राहिले आणि राष्ट्राध्यक्ष झाले. तिथे ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडर यांना 97,488 मतं होती. नेडर यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. ही अशी एक जागा जिथे दुसरी चाळणी लावूनही आरोप टिकतो, कारण 537 भरून काढायला नेडरच्या शंभर मतदारांमधला एखादाच बुश यांच्या मुख्य प्रतिस्पर्ध्याकडे झुकला असता तरी पुरे होतं.

आतापर्यंत बोललो ते खरेखुरे उमेदवार. दुसरी जात आहे मुद्दाम उभ्या केलेल्या नावांची. 2014मध्ये रायगडला शिवसेनेचे अनंत गीते राष्ट्रवादीच्या सुनील तटकरेंपेक्षा फक्त 2,110 मतांनी पुढे राहिले. त्याच मतपत्रिकेवर सुनील तटकरे नावाचा आणखी एक अपक्ष होता आणि त्याला 9,849 मतं पडली. 2024च्या लोकसभेला नावाच्या जोडीला चिन्हही आलं. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’, आणि अपक्षांना मिळत होती नुसती ‘तुतारी’. साताऱ्यात शशिकांत शिंदे 32,771 मतांनी हरले, तर तुतारीवाल्या अपक्षाला 37,062 मतं. दिंडोरीत भास्कर भगरे जिंकले खरे, पण बाबू भगरे नावाच्या अपक्षानं तुतारीवर 1,03,632 मतं घेतली, अख्ख्या प्रचारात कुणी फारसं न पाहिलेल्या माणसानं. इथे दुसरी चाळणी लावायची गरजच नाही. ही मतं चुकून पडलेली आहेत हे उघड आहे. विधानसभेसाठी अनामत 10 हजार, लोकसभेसाठी 25 हजार, आणि वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर ती जप्त. दोन मोठ्या पक्षांच्या एकूण खर्चापुढे ही रक्कम किती, हे वाचकानं ठरवावं. खऱ्या बंडखोराला शिव्या देणाऱ्यांनी थोडा राग या प्रकारासाठी राखून ठेवायला हरकत नाही.

मार्केट यार्डात मात्र आणखी एक निवडणूक होते, आणि तिथली फूट अगदी निराळी असते. पुणे कृषी उत्पन्न बाजार समितीचे 18 संचालक : 11 विकास सोसायट्यांच्या गटातून, 4 ग्रामपंचायतींच्या, 2 आडते-व्यापाऱ्यांच्या आणि 1 हमाल-तोलणारांच्या. सुमारे दोन दशकं प्रशासक आणि नेमलेल्या मंडळांवर कारभार चालल्यावर एप्रिल 2023मध्ये ही निवडणूक झाली. राष्ट्रवादीचं अधिकृत पॅनेल एकीकडे, राष्ट्रवादीतलेच नाराज आणि भाजप यांची आघाडी दुसरीकडे; 18पैकी 13 जागा नाराजांच्या आघाडीनं जिंकल्या. बंडखोर इथे तिसरा राहिलाच नाही, त्यानं थेट दुसरं पॅनेल उभं केलं.

पण खरी मौज व्यापारी गटात आहे. जागा दोन, म्हणून प्रत्येक आडत्याला मतं दोन. समजा फळविभागातल्या आडत्याला आपला माणूस निवडून आणायचा आहे. पहिलं मत त्याला. दुसरं मत तो भिडेखातर भुसार विभागातल्या ओळखीच्या उमेदवाराला देतो. सगळ्यांनीच असं केलं तर हीच दुसरी मतं साठत जाऊन तो भुसारवाला वर सरकतो आणि आपला माणूस तिसऱ्या क्रमांकावर पडतो. आपल्याच दुसऱ्या मतानं आपलं पहिलं मत पाडलं. म्हणून अनुभवी कार्यकर्ते कानात सांगतात, एकच शिक्का मारा. हमाल गटात एकच जागा, एकच मत, आणि संघटना मात्र अनेक. तिथे विधानसभेचंच छोटं रूप दिसतं. एकाच आवारात, एकाच दिवशी, दोन वेगळे नियम आणि मतं फुटण्याच्या दोन वेगळ्या तऱ्हा.

मग यावर उपाय काय? मतदाराला दुसरी पसंती लिहू द्यावी, हा सर्वांत जुना उपाय. ऑस्ट्रेलियात 1918पासून तो चालू आहे. आणि तो शोधायला इतक्या लांब जायचं कारण नाही, कारण पुण्याच्या पदवीधरांकडे तो आहेच. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत उमेदवारांपुढे 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहायचे असतात, तेही केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केच पेननं. कोटा कुणीच गाठला नाही तर सर्वांत खालचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यावर लिहिलेल्या पुढच्या पसंतीकडे जातात. थोडक्यात, इथे मतविभागणी व्हायला नको.

तरी ती झाली. 2014मध्ये पुणे पदवीधरमध्ये भाजपचे चंद्रकांत पाटील आणि राष्ट्रवादीचे सारंग पाटील यांच्यात लढत होती, आणि क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांचे चिरंजीव अरुण लाड राष्ट्रवादीतून बंड करून उभे होते. लाडांना सुमारे 37 हजार मतं मिळाली. चंद्रकांत पाटील 2,380 मतांनी निवडून आले. लाडांच्या मतपत्रिकांवर सारंग पाटलांच्या नावापुढे ‘2’ पुरेसा नव्हता, एवढाच याचा अर्थ. ज्या पत्रिकेवर फक्त ‘1’ असतो, ती तो उमेदवार बाद झाला की मोजणीतून निघून जाते. 2020मध्ये राष्ट्रवादीनं लाडांनाच उमेदवारी दिली. त्यांनी पहिल्या पसंतीच्याच 1,22,145 मतांवर कोटा पार केला, दुसरी पसंती मोजायची वेळच आली नाही. त्याच निवडणुकीत 19 हजारांहून जास्त पदवीधरांची मतं बाद ठरली.

पर्वतीत, कसब्यात, चिंचवडमध्ये दुसरी पसंती लिहायला सध्या जागा नाही, आणि ज्या पक्षांना आजच्या पद्धतीनं सत्ता मिळते ते ती घाईनं देतील असंही नाही. पदवीधर मतदारसंघात मात्र आहे. तिथली मतदार यादी प्रत्येक निवडणुकीला नव्यानं तयार होते, मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी ते आपोआप राहत नाही. पदवी मिळून तीन वर्षं झाली असतील तर नमुना 18 भरून नाव नोंदवा. मतदानाला गेलात की शिक्का किंवा बरोबरची खूण करू नका, आकडाच लिहा, आणि ‘1’ लिहून झाल्यावर पेन खाली ठेवू नका.